कवितेच्या तासाला लघुपट: मुलं कविता सोडून गोष्टच लिहितात तेव्हा

प्रश्न असा आहे: मुंबईतली मराठी माध्यमाची शाळा, नववीचा वर्ग, ५५ मुलं, ४३ इंची टीव्ही, तास ३५ मिनिटांचा. कवितेवरचा लघुपट दाखवला की मुलं रमतात, पण रसग्रहण लिहायला सांगितलं की लघुपटातली गोष्ट लिहून मोकळी होतात. मग लघुपट दाखवायचाच नाही का? आणि दाखवायचा तर कोणता, किती मिनिटं, कसा?

दाखवा. पण कवितेच्या आधी दाखवू नका, आणि शक्यतो त्याच कवितेवर काढलेला दाखवू नका. मुलं गोष्ट लिहितात त्यात त्यांचा आळस कमी आणि आपला क्रम जास्त नडतो. झाडाची ओळ कानावर पडण्याआधी पडद्यावरचं झाड डोळ्यांत शिरलं की ते झाड पक्कं होतं. मग कवितेतला शब्द म्हणजे त्या झाडावर लावलेली नुसती पाटी. शिवाय लघुपटात माणसं असतात, त्यांना काहीतरी होतं, आणि जे होतं ते सांगायला सोपं असतं. परीक्षेत मूल सोपं तेच लिहिणार.

मोबाईलवर 'कविता व्हिडिओ' म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं तर लघुपट या नावालाही पात्र नाही. ओळीत फूल आलं की फुलाचा फोटो, पाखरू आलं की पाखराचा, मागे बासरी. यातून शब्दार्थ कळेल, कविता कळणार नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्य असो किंवा कुणी हौसेने केलेलं असो, एकच चाचणी लावा. आवाज बंद करून एक मिनिट पाहा. प्रत्येक चित्र ओळीतल्या नामाचंच असेल तर ते बाजूला ठेवा.

कवितेच्या तासाला सिनेमाकडून घ्यायची ती त्याची जोडणी. एका चित्राला दुसरं चित्र चिकटलं की तिसरंच काही मनात उभं राहतं, ते. हे समजावायला बहिणाबाईंची एक ओळ पुरते: संसार, 'जसा तवा चुल्ह्यावर'. यातला 'जसा' काढून बघा. कॅमेऱ्याजवळ 'जसा' नाही. तो चुलीवरचा तवा दाखवेल, भाकरी थापणारे हात दाखवेल, चटका बसलेलं बोट दाखवेल, आणि वर्ग एकमुखाने म्हणेल, 'बाई स्वयंपाक करतेय.' संसार गेला कुठे? सिनेमाला 'जसा' म्हणायचं असेल तर दोन शॉट शेजारी ठेवावे लागतात. आधी तवा, मग सकाळी ७ वाजता चाळीच्या जिन्यात डबा, दप्तर, पाण्याची बादली सांभाळत उतरणारे पाय. त्या दोन शॉटच्या सांध्यात उपमा बसलेली असते.

हे वर्गात दहा मिनिटांत करून दाखवता येतं, लघुपटाचीसुद्धा गरज नाही. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो: नटाचा तोच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, आणि पाहणाऱ्याला दर वेळी वेगळा भाव दिसतो. तुमच्या मोबाईलमध्ये चार फोटो घ्या. एक निर्विकार चेहरा (सहकारी शिक्षकांचा चालेल, मुलांना मजा येते), एक वडापावची बशी, एक पाण्याखाली गेलेले रूळ, एक 'शाळा उद्या बंद' असं लिहिलेला फळा. चेहरा, बशी, चेहरा, रूळ, चेहरा, फळा, अशा क्रमाने प्रत्येकी तीन सेकंद दाखवा. चेहरा तोच आहे हे आधी सांगायचं नाही. मुलं भूक, काळजी, आनंद असं काही ना काही सांगतील. मग सांगा. इथून 'प्रतिमा' हा शब्द फळ्यावर लिहिला की तो मुलांच्या हातात आलेला असतो, व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

आता एक कविता धरून पूर्ण क्रम सांगते. बालकवींची 'औदुंबर'. तुमच्या पुस्तकात असो वा नसो, या कामाला यापेक्षा चांगली सुरुवात नाही. आठच ओळी, शांतपणे वाचली तरी पाऊण मिनिटात संपते, आणि कॅमेऱ्याच्या वाटेनेच चालते.

पहिला तास टीव्ही बंद. पुस्तकं मिटलेली, पंखे सुरू असतील तर वाचनापुरते बंद करा, नाहीतर मागच्या दोन रांगांना ओळींची शेवटची अक्षरं ऐकू जात नाहीत. दोनदा वाचा, मध्ये अर्धा मिनिट गप्प. दोनच शब्द आधी सांगून ठेवा: ऐल आणि पैल. मुंबईच्या मुलांपैकी पुष्कळांनी ते ऐकलेले नसतात, आणि घरी हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्यांनी तर नाहीच. मानखुर्दहून वाशीकडे जाताना खाडीपुलावर गाडी आली की मागे राहिला तो ऐल, समोर दिसतो तो पैल. एवढ्यावर काम होतं. बाकी शब्दार्थ आत्ता नको.

मग प्रत्येकाने वहीत आठ चौकटी आखायच्या, साधारण काडेपेटीएवढ्या. एका ओळीला एक चौकट. चित्र चांगलं यायला नको, रेघा चालतील. फक्त तीन गोष्टी ठरवायच्या: आपण लांबून पाहतोय की जवळून, नजर कुठून कुठे सरकते, आणि रंग कोणता. याला १२ मिनिटं लागतात. आठ मिनिटांत कुणाचं होत नाही, आणि १५ दिलीत तर चित्रकलेचा तास होतो.

चौकटी भरल्या की कवितेची रचना आपोआप वर येते. आठांपैकी सहा ओळींत रंग आहे: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, मग एकाच ओळीत हिरव्या आणि काळ्या, मग काळिमा. शेवटच्या ओळीत, जिथे प्रत्यक्ष औदुंबर येतो, तिथे रंगाचा शब्दच नाही. नजर दोन्ही तटांवरून फिरते, लांबच्या टेकडीकडे जाते, शेतांवरून परत येते, पायवाट धरून डोहाशी उतरते आणि तिथे थांबते. फळ्यावर मुलांच्याच चौकटींवरून हा रस्ता एका रेघेत काढा. काव्यसौंदर्याचा अर्धा मुद्दा इथेच झाला.

आणि मग विचारा, या कवितेत माणसं किती आहेत? चार घरांचं गाव आहे, शेतं आहेत, पायवाट आहे. माणूस एकही नाही. पायवाट 'चालली' आहे आणि झाड 'पाय टाकुनी' बसलं आहे. माणसाने करायच्या दोन्ही गोष्टी वाटेने आणि झाडाने करून टाकल्यात. चेतनगुणोक्ती शिकवायला याहून नेमकी जागा मिळत नाही. तुमच्या मूळ अडचणीचं उत्तरही इथेच आहे. अशा कवितेवर लघुपट काढणारा डोहाकाठी हमखास एखादा म्हातारा आणून बसवतो, नाहीतर शाळेत निघालेला पोर. कारण माणसाशिवाय तीन मिनिटं पाहणाऱ्याला धरून ठेवणं अवघड. मुलं मग त्या म्हाताऱ्याचीच गोष्ट लिहितात. चूक मुलांची म्हणायची का?

दुसऱ्या तासाला लघुपट. तो औदुंबरावरचा नको, पाण्यावरचा हवा. राल्फ स्टायनर या अमेरिकी छायाचित्रकाराने १९२९ साली 'एच टू ओ' नावाचा मूक लघुपट केला. साधारण १२ मिनिटांचा. सुरुवातीला पाऊस, धारा, वाहतं पाणी ओळखू येतं. पुढे पुढे फक्त पृष्ठभाग उरतो, त्यावरच्या सावल्या आणि उजेडाचे पट्टे, आणि शेवटी ते पाणी आहे हेही विसरायला होतं. पूर्ण दाखवू नका. सुरुवातीचं एक मिनिट आणि शेवटची तीन, एवढंच. नेटवरच्या प्रतींना कुणीतरी संगीत चिकटवलेलं असतं, ते बंद करा. मूळ लघुपट मूकच आहे आणि आपल्याला शांतताच हवी आहे.

पहिल्यांदा नुसतं पाहू द्या. तुम्ही बोलू नका. लघुपट चालू असताना शिक्षक समजावत राहिले की मुलं पडद्याकडे पाहून तुमचं ऐकतात आणि दोन्ही अर्धवट राहतं. ही सवय मोडायला सगळ्यात कठीण, म्हणून रिमोट हातात घेऊन मागच्या भिंतीशी उभं राहावं. दुसऱ्यांदा लावताना दोन ठिकाणी थांबवा, दोनपेक्षा जास्त नाही. थांबवलं की एकच विचारायचं: 'काय दिसतंय?' 'काय वाटतंय?' हा प्रश्न नंतरचा. आधी तोच विचारला तर 'छान वाटतंय' यापलीकडे गाडी जात नाही.

दुसऱ्या थांब्यावर, पडद्यावर काळं पाणी थिजलेलं असताना, सातवी ओळ वाचा. झाकळुनी जळ, 'गोड काळिमा'. विचारा: काळिमा समोर आहे, पण यातला गोड कुठे आहे? कॅमेरामनला सांगायचं असेल, 'बाबा, गोड काळा दाखव', तर तो काय करेल? इथे वर्ग गप्प होतो. होऊ द्या, वीस-पंचवीस सेकंद तरी. 'गोड म्हणजे सुंदर' असं पाठांतरातलं उत्तर पहिलं येतं, ते फळ्यावर लिहून ठेवा पण स्वीकारू नका. मग कुणी जांभळाचं नाव काढतं, कुणी काळ्या गुळाचं, कुणी दिवेलागणीला घरात दिवा लावायच्या आधीचा अंधार म्हणतं. जिभेचा शब्द डोळ्यांच्या गोष्टीला लावलाय, हे एकदा त्यांच्याच तोंडून आलं की पुढे भाषिक वैशिष्ट्यं सांगायला तुम्हाला फार काही करावं लागत नाही. कॅमेरा जिथे हात टेकतो तिथे कवितेचा शब्द काय करतो, हे मुलांना दिसलं की लघुपटाचा उपयोग झाला. एका कवितेत अशी एक जागा सापडली तरी तास वसूल.

शेवटची चार मिनिटं टीव्ही पूर्ण बंद करून एका मुलाने कविता वाचायची. नुसतं पॉज करून ठेवू नका, पडद्यावरचं चित्र नजर ओढून घेतं.

वर्गात दृष्टिबाधित मूल असेल तर त्याच्या शेजारच्याला वर्णनकार करा: जे दिसतं ते हळू आवाजात, पूर्ण वाक्यांत सांगायचं. ही जबाबदारी आळीपाळीने सगळ्यांना द्या. शॉट बदलण्याआधी नेमका शब्द शोधायचा, हा भाषेचा व्यायाम इतका चांगला आहे की तसं मूल वर्गात नसलं तरी पाच जणांनी डोळे मिटून आणि पाच जणांनी सांगत एकदा करून पाहावा.

आणखी कोणते लघुपट? मी दोनच सुचवेन, दोन्ही जुने, आणि दोन्हींत शिकवण्यासारखी गोष्ट एकेकच आहे.

पावसाच्या कवितांसाठी डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्सचा 'रेगन' (म्हणजे पाऊस), १९२९, तोही साधारण १२ मिनिटांचा. ॲम्स्टरडॅममधली एक सर: आधी ऊन, मग वारा, कालव्यावर पहिले थेंब, छत्र्या, ट्रामच्या काचा, ओले रस्ते, मग उघडीप. एकच सर वाटते, पण वेगवेगळ्या दिवशी टिपलेले पाऊस एकत्र बांधलेत. मुलांना हे पाहून झाल्यावर सांगायचं, आणि मग आपल्या कवितेतला पाऊस किती पावसांतून आला असेल ते विचारायचं. पहिली चार मिनिटं पुरतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर खरा पाऊस लागलेला असताना दाखवलात तर उत्तम. तिथला पाऊस छत्रीवर टपटपतो, आपला पत्र्यावर आदळतो. हा फरक विचारला की ध्वनीचे शब्द कोसळायला लागतात: रिपरिप, झिमझिम, भुरभुर, धो धो. अनुप्रास आणि नादानुकारी शब्द तिथल्या तिथे फळ्यावर.

लयीसाठी 'नाइट मेल', १९३६, ब्रिटनच्या टपाल खात्याच्या फिल्म युनिटचा. लंडनहून स्कॉटलंडला रात्रीची टपालगाडी कशी जाते ते २४ मिनिटांत दाखवलंय. आपल्याला हवीत ती शेवटची तीन-चार मिनिटं, जिथे इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेनने गाडीच्या चाकांवर बसवलेली कविता येते. गाडी चढ चढते तेव्हा ओळी संथ, उतार लागला की ओळी धावतात. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालतं, उलट बरंच. शब्द कळत नाहीत म्हणून कान लयीकडे जातो. मुलांना बाकावर बोटांनी ठेका धरू द्या. मग रोजच्या लोकलचा ठेका: फलाटावरून सुटताना, वेग घेतल्यावर, सांधे बदलताना खडखड. परळ किंवा कुर्ल्याची मुलं हे डोळे मिटून वाजवून दाखवतात. त्यानंतर एखादं वृत्त किंवा ओवी त्याच बाकावर मोजायची. मात्रांचा तक्ता याच्या आधी फळ्यावर लिहिलात तर निम्मा वर्ग गेलाच म्हणून समजा.

सात मिनिटांच्या पुढचा कुठलाही लघुपट ३५ मिनिटांच्या तासात सलग दाखवू नका. हजेरी आणि टीव्ही जोडण्यात पाच मिनिटं जातात, दोनदा पाहायचं तर चौदा, उरलेल्या सोळा मिनिटांत कविता गुदमरते. जोडतास मिळाला तर गोष्ट निराळी.

आता टीव्ही. ४३ इंची पडद्याची उंची जेमतेम ५३ सेंटिमीटर असते. बारकावे दिसायला हवे असतील तर शेवटचं मूल त्या उंचीच्या साधारण सहापट अंतरात बसायला हवं, म्हणजे सव्वातीन मीटर. वर्गाची खोली सात मीटरची असली की मागच्या निम्म्या मुलांना 'काहीतरी हलतंय' एवढंच दिसतं, आणि मग तीच दंगा करतात. त्यामुळे बाकं मागे ढकला, पुढच्या मुलांना जमिनीवर बसवा, उरलेली दोन रांगांत बाकांवर. तरीही ५५ मुलं बसत नसतील तर दोन गट करा, एक गट पाहतो तेव्हा दुसरा मागच्या बाजूला चौकटी भरतो. ५५ इंची टीव्हीला हेच अंतर चार मीटरच्या थोडं पुढे जातं.

प्रोजेक्टर असेल तर उजेडाची पंचाईत. मुंबईच्या शाळांच्या खिडक्या मोठ्या आणि पडदे बहुधा नसतातच. काळा कार्डशीट खिडकीच्या मापाने कापून गजांना सुतळीने बांधता येतो, पण फक्त पडद्याच्या बाजूच्या खिडक्यांना. सगळ्या बंद केल्या तर जूनच्या घामात कुणालाही कविता सुचत नाही. पावसाळ्यात दुपारचं आभाळ भरलेलं असेल तो तास निवडणं सगळ्यात स्वस्त.

फाईल आधीच पेनड्राइव्हवर घ्या, इंटरनेटवरून चालू लावू नका. मधल्या जाहिरातीने सगळा वर्ग हातातून जातो, आणि संपल्याबरोबर दुसरंच काही आपोआप सुरू होतं. जिथून घ्यायची तिथे उतरवून घ्यायची परवानगी आहे ना, एवढं पाहा. एमपी-फोर ठेवा. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत आणि 'नो मीडिया' म्हणून मोकळे होतात. फॅट-३२ला एक फाईल चार जीबीच्या आतच लागते, पण आपल्या चार मिनिटांना ती अडचण येत नाही. फाईलचं नाव रोमन अक्षरांत छोटं ठेवा, काही टीव्हींवर देवनागरी नावाऐवजी नुसते चौकोन दिसतात. आणि आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच पोर्टला लावून पाहा.

आवाज लागणार असेल तर टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा मागे असतात, रस्त्याकडच्या वर्गात ते पुरत नाहीत. एक साधा ब्लूटूथ स्पीकर वर्गाच्या मध्यावर, बाकावर ठेवा. मात्र ओठ हलणारा लघुपट असेल तर ब्लूटूथने आवाज किंचित मागे पडतो आणि मुलं हसतात. तेव्हा वायरच बरी.

कवितेची आधीच प्रसिद्ध झालेली चाल असेल तर अजून एक भानगड आहे. गाणं झालेली कविता मुलांना गाण्यासारखीच ऐकू येते, ओळ कुठे तुटते, यती, म्हणजे ओळीतला थांबा, कुठे आहे, हे चालीखाली बुजतं. अशा कवितेला संगीत असलेला लघुपट लावूच नका. आधी सपाट वाचन, मग हवं तर गाणं.

मुलांकडून लघुपट करवून घ्यायचा असेल तर तो एका मिनिटाचा, आठ शॉटचा, आणि नियम एकच: ओळीत जे नाम आहे ते दाखवायचं नाही. झरा असेल तर झरा नको. मग मुलं शोधायला लागतात. पाणी यायच्या वेळी चाळीतल्या नळाखाली लागलेली हंड्यांची रांग, गच्चीच्या पन्हाळीतून येणारी धार, जिन्यावरून उतरणारी साबणाच्या पाण्याची ओघळ. उंबर तर मुंबईत जागोजागी आहे, पण नियमाने तोही नको. जुन्या इमारतीच्या भेगेतून पिंपळ मात्र फुटलेला असतो. त्या भेगेतल्या रोपाचा पाच सेकंदांचा शॉट 'पाय टाकुनी'ला लावला की काय होतं ते मुलांना स्वतः ठरवू द्या. माझ्या मते अशा वेळी रूपक मुलांच्या लक्षात कायमचं बसतं, पण तो शॉट मी सांगून काढायला लावला तर त्याचा गृहपाठ होतो.

कामाचा कागद तीन रकान्यांचा: ओळ, काय दिसतं, काय ऐकू येतं. सहा-सात जणांचा गट, म्हणजे ५५ मुलांचे आठ-नऊ गट. मोबाईल दोन किंवा तीन पुरतात, तेही शिक्षकांचे, मुलांना आणायला सांगू नका. शॉट घेताना मोबाईल आडवा, एअरप्लेन मोडवर, भिंतीला किंवा बाकाला टेकवलेला. झूम नाही, हवं तर दोन पावलं पुढे जा. प्रत्येक शॉट दहा सेकंद घ्यायचा आणि मधले पाच वापरायचे, कारण बटण दाबताना सुरुवातीला आणि शेवटी हात हलतो. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, दर शॉटआधी सुती रुमालाने पुसा. चित्रावर बोट दाबून ठेवलं की उजेड आणि फोकस बऱ्याच मोबाईलमध्ये लॉक होतो, नाहीतर ढग सरकला की शॉटच्या मध्ये उजेड उड्या मारतो.

वाचनाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे पुस्तकांच्या कपाटांची खोली, पुस्तकं प्रतिध्वनी शोषून घेतात. मोबाईल तोंडापासून एक वीत दूर, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुत्कार येत नाही. जोडणीत फक्त सरळ कट, म्हणजे एक शॉट संपला की लगेच दुसरा. चित्र विरघळणं, वळणं, हृदयाचे आकार, जुनाट रंगाचे फिल्टर, सगळं बंद. मुलं भांडतात यासाठी, पण कटाचा अर्थ कळायचा असेल तर कट दिसला पाहिजे.

आणि लेखन. लघुपट पाहिल्याच्या दिवशी रसग्रहण लिहायला देऊ नका, दोन दिवस जाऊ द्या. त्या दिवशी फक्त तीन ओळी लिहून घ्या: लघुपटात होतं पण कवितेत नव्हतं असं एक, कवितेत होतं पण लघुपटात आलं नाही असं एक, आणि लघुपटाला जमला नसता असा कवितेतला एक शब्द. तिसरी ओळ महत्त्वाची. दोन दिवसांनी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या नेहमीच्या मुद्द्यांवर रसग्रहण लिहिताना मुलांनी ती तिसरी ओळ समोर ठेवायची.

तपासताना एका क्रियापदाकडे लक्ष ठेवा: 'दाखवले आहे'. 'कवीने डोह दाखवला आहे' असं वाक्य आलं की मूल अजून पडद्यावरच आहे. त्याखाली रेघ मारा आणि समासात एवढंच लिहा, 'कोणत्या शब्दाने?' म्हणजे वाक्य 'काळ्या डोहाकडे' या शब्दांपाशी जातं. महिनाभर हे चिकाटीने केलं की गोष्ट लिहिणारे कमी होतात. सगळे बदलत नाहीत, चार-पाच जण शेवटपर्यंत गोष्टच लिहितात, त्यांना आधी गोष्ट लिहू देऊन मग तिच्यातून कवितेचे शब्द गोल करायला लावावेत.

काही कवितांना लघुपट लावूच नये. थेट तुमच्याशी बोलणारा अभंग, उपरोधाची कविता, जिथे सगळी गंमत आवाजाच्या वळणात आहे, तिथे चित्र मध्ये आलं की टोक बोथट होतं. संतकवितांबरोबर फेटे, वीणा, डोळ्यांत पाणी असली दृश्यं दाखवून तर अभंगातला रोखठोकपणाच जातो. तिथे चांगलं वाचन हाच लघुपट.

कायद्याचंही विचारलं जातं म्हणून थोडक्यात. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२(१)(जे) प्रमाणे शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसांपुरता चित्रपट दाखवणं हा हक्कभंग धरला जात नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवात तोच लावला तर ती सवलत लागू होत नाही. मुलांनी केलेला लघुपट नेटवर टाकायचा असेल तर कवीच्या निधनाला ६० वर्षं झालीत का ते पाहा. बालकवी १९१८ साली गेले, केशवसुत १९०५ साली, मर्ढेकर १९५६ साली. या तिघांच्या हयातीत छापलेल्या कविता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज, इंदिरा संत, शांता शेळके, नारायण सुर्वे यांच्या नाहीत, तिथे हक्कधारकांची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर वर्गातच दाखवा, गटाच्या व्हॉट्सॲपवरही नको, तिथून ते कुठे जाईल सांगता येत नाही. मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची सही घ्या. हात, पाय, सावल्या यांवर भागवलं तर तीही कटकट राहत नाही, आणि शॉटही बहुतेक वेळा जास्त चांगले येतात. शेवटच्या पाटीवर कवीचं टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही द्या, त्र्यंबक बापूजी ठोंबरे असं पूर्ण, आणि गटातल्या सगळ्यांची नावं अकारविल्हे, म्हणजे पहिलं नाव कुणाचं यावरून भांडण होत नाही.